मागच्या बोळातलं मशीन

मंगळवार, ७ मे
उकाडा फार. पहाटे धाकटी गेली. मिस्त्री जवळ होते. मी पोहोचले तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढून झाली होती. तिला हॉस्पिटलच्या तळमजल्यावर थंड कपाटात ठेवलं. भाचीला मिस्त्रींनी फोन केला. ती शुक्रवारी पोहोचेल, तोवर थांबायचं ठरलं. दुपारी बरीच माणसं भेटून गेली. वर्तमानपत्र आलं नाही.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. रोजनिशी लिहायला मला शाळेतल्या मदरनी शिकवलं. त्यांचं सांगणं असं की वहीत हवा कशी होती ते लिहावं, कोण आलं कोण गेलं ते लिहावं, आणि मनात जे असेल ते प्रार्थनेत सांगावं. कागद बिचारा त्यासाठी नसतो. ती शिस्त हाताला अशी बसली की माझ्या लग्नाच्या दिवशीही मी 'आभाळ स्वच्छ, पाहुणे पुष्कळ' एवढंच लिहून ठेवलं आहे. मिस्त्रींना माझ्या वह्यांतून शोधायला गेलं तर 'मिस्त्री येऊन गेले, फ्रिजच्या दाराचं रबर बदललं' असल्याच ओळी सापडतात. आता मिस्त्रीही नाहीत. त्यांच्याबद्दल जे वहीत नाही ते कुठेतरी लिहावं असं वाटलं, म्हणून हे.

मिस्त्री हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. दुकानांतले मोठे फ्रिज, मासळीची आणि दुधाची शीतगृहं, आइस्क्रीमची गोदामं यांची देखभाल करणं हा त्यांचा व्यवसाय. सगळा बाजार त्यांना मिस्त्री म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो, आणि पुढे पुढे बहीणसुद्धा चारचौघांत 'आमचे मिस्त्री' म्हणायची. माझी मुलं मात्र त्यांना गारकाका म्हणत. आल्या आल्या ते मुलांच्या गालाला हात लावत आणि तो हात बारा महिने गार असे. हात इतका गार कसा, असं मुलांनी विचारलं की म्हणायचे, "मी आलो रे, हात अजून मासळीच्या गोदामातच आहे. येईल मागून."

त्यांचे आईवडील लवकर गेले. मामाने त्यांना बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला चिकटवून दिलं. लाद्या ओढता ओढता ते इंजिनघराच्या दारात रेंगाळायचे. तिथला म्हातारा चालक एकदा वैतागून म्हणाला की दारात उभा राहून उजेड अडवतोस, त्यापेक्षा आत येऊन तेल तरी घाल. अशी त्यांची शाळा सुरू झाली. पुढे त्यांनी रीतसर कोर्स केला, दाखलाही मिळवला, पण गुरुजी म्हणून नाव घ्यायचे ते त्या म्हाताऱ्याचंच.

मशीन म्हणजे काय ते त्यांनी एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला समजावलं होतं. फ्रिज थंडी तयार करत नाही, म्हणाले. तो नुसता हमाल आहे. आतली उष्णता उचलायची, मागच्या जाळीपर्यंत न्यायची आणि बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. आता ती मागची जाळी धुळीने बुजली तर हमालाने ओझं टाकायचं कुठे? मग तो ते डोक्यावर घेऊनच पळत राहतो, तापतो, आणि एक दिवस मट्कन खाली बसतो. त्यांचं निम्मं काम म्हणजे ब्रश आणि पाण्याची पिचकारी घेऊन लोकांच्या मशीनमागच्या अंधारात शिरणं आणि जाळ्या धुणं. बंद पडल्यावर सगळेच बोलावतात, असं ते म्हणत, चालू असताना बोलावतो तो खरा शहाणा.

धाकटी तेव्हा एका केकच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. दुकानातलं काचेचं थंड कपाट सारखं बंद पडे, क्रीम वितळे, मालक कपाळाला हात लावे आणि मिस्त्रींना बोलावणं जाई. कारण दर वेळी एकच: कपाटाच्या मागे रिकामी खोकी रचलेली, वाऱ्याला जागाच नाही. मिस्त्री खोकी हलवत, मालकाला समज देत आणि जात. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मालक गळ्याला हात लावून सांगे की खोकी मी ठेवली नाहीत. लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर धाकटीने सांगून टाकलं की खोकी तीच ठेवत असे. मिस्त्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो, कॉम्प्रेसर जळला असता," एवढंच ते म्हणाले, आणि आम्ही इतके हसलो की त्या दिवशीच्या फोटोत निम्म्या माणसांचे डोळे मिटलेले आहेत.

आमच्या वडिलांना हे लग्न पसंत नव्हतं. जावई टेबलामागे बसणारा हवा होता, हा टेबलाखाली शिरणारा निघाला, असं ते म्हणत. आणि मिस्त्री पहिल्याच भेटीत खरोखर शिरले, टेबलाखाली नाही तरी आमच्या फ्रिजच्या मागे. चहा होईपर्यंत त्यांनी खिशातून एक कागद काढला, तो फ्रिजच्या दारात धरून दार लावलं आणि कागद ओढून पाहिला. कागद सहज निघून आला. दाराचं रबर गेलंय, त्यातून गारवा पाझरतो, असं त्यांनी आईला सांगितलं आणि पुढच्या भेटीला नवं रबर घेऊनच आले. आई तेव्हाच पाघळली. वडिलांना पुष्कळ वर्षं लागली. पण शेवटच्या आजारपणात त्यांना खोलीत उकडायचं, तर दुसऱ्या कुणाला पंख्याला हात लावू देत नसत. "त्यांना येऊ द्या," म्हणायचे. नाव कधी घेतलं नाही, 'त्यांना' एवढंच.

मिस्त्री आवाजाने मशीन ओळखत. रस्त्याने माझ्याबरोबर चालताना मध्येच थांबत आणि एखाद्या दुकानाकडे कान करून म्हणत, हे थांबत नाहीये. म्हणजे पुरेसं गार झालं की मशीन आपसूक बंद व्हायला हवं, थोड्या वेळाने पुन्हा चालू व्हायला हवं. जे अखंड घरघरतं ते आजारी. मग ओळख असो नसो, दुकानात शिरून सांगून येत. एका खाटकाशी त्यांची जुनी भांडणदोस्ती होती. खाटीक म्हणायचा, दारावरचा काटा बघा ना मिस्त्री, गार दाखवतोय, उगाच का मागे शिरता. मिस्त्री म्हणायचे, "काटा खोटं बोलत नाही, पण फार उशिरा बोलतो. तू मागे चल." आणि त्याला त्याच्याच दुकानामागच्या गटाराशी उभं करून जाळीतली धूळ दाखवायचे. कोल्ड रूमचं दार कुणी उघडं टाकलं तर मात्र चिडायचे. खाटकाला म्हणायचे, "दारात उभं राहून गप्पा मारायच्या तर घरी जा, बायको आहे ना तुला."

हॉस्पिटलचं काम त्यांच्याकडे पुष्कळ वर्षं होतं. औषधांचे फ्रिज, रक्ताचे फ्रिज, आणि तळमजल्याच्या टोकाला शवागार. शवागार म्हणजे फरशीची एक लांबट खोली, एक खिडकी, आणि भिंतीला लागून चार कप्प्यांचं पोलादी कपाट. त्याचं मशीन भिंतीपलीकडच्या बोळात, पत्र्याच्या छपराखाली. त्याच बोळात हॉस्पिटलच्या धोबीखान्याची खिडकी उघडते, आणि चादरी वाळवायच्या यंत्रातून उडालेला कापसाचा भुगा सगळा मशीनच्या जाळीवर येऊन बसतो. इतर ठिकाणी जाळी हंगामात एकदा धुतली तरी भागतं, इथे महिन्याला धुवावीच लागते, हे मिस्त्रींना माहीत होतं आणि ते कधी चुकले नव्हते. कधी घरी येताना कपड्यांना चिकटलेला तो भुगा घेऊन येत. धाकटी दारातच झाडू घेऊन उभी राही. "हॉस्पिटलच्या चादरी अंगावर घेऊन आलात का परत," म्हणायची.

त्यांना एकच मुलगी, माझी भाची. हुशार निघाली, शिकायला दूर देशी गेली, तिथेच नोकरी, तिथेच लग्न, पदरात लहान मूल. मिस्त्री फोनवर तिच्याशी फारसं बोलत नसत. तिकडे थंडी किती आहे ते विचारत, आणि आकडा ऐकून म्हणत, अरे वा, म्हणजे आमच्या दुधाच्या गोदामाएवढी.

मग धाकटीचं दुखणं सुरू झालं. पोटाचं होतं. आधी गोळ्या, मग तपासण्या, मग एक शस्त्रक्रिया, आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट. मिस्त्री दिवसभर तिच्यापाशी बसून असत. बाजारातून फोन आला तर एखाद्या तासासाठी जात, काम उरकून परत येत. खाटीक, दूधवाला, फुलांचा व्यापारी, सगळे समजून घेत होते. जमेल तेव्हा या, म्हणत. मात्र त्याच इमारतीत, तीन जिने खाली, मागच्या बोळात जे मशीन होतं तिथे ते गेले नाहीत. धाकटी त्यांना म्हणायची, जा हो, खालचं बघून या, मी काही पळून जात नाही. ते हो म्हणत आणि तिच्यासाठी मोसंबी सोलायला घेत. मी एकदोनदा ऐकलं. मला वाटलं, तिला एकटं टाकवत नसेल.

भाचीला यायचं होतं. पण मूल तापाने आजारी पडलं, मग रजेचं काही अडलं, आणि धाकटी फोनवर तिला बजावत राहिली की मी बरी होऊन घरी गेले की ये, हॉस्पिटलात येऊन काय माझ्या सलाइनकडे बघत बसणार. मंगळवारी पहाटे सगळं संपलं.

तिला खाली नेलं तेव्हा मी बरोबर होते. कप्पा मिस्त्रींनी स्वतः ओढला, स्वतः बंद केला. दारावरच्या काट्याकडे पाहिलं. काटा जिथे असायला हवा तिथे होता. मग त्यांनी कॉरिडॉरमध्ये उभं राहून मुलीला फोन लावला. पलीकडे ती रडत होती, आणि मध्येच विमानांचं सांगत होती. एक त्याच संध्याकाळी निघत होतं. मुलाला शेजारणीकडे टाकून, दोन ठिकाणी विमान बदलून बुधवारी रात्री पोहोचता आलं असतं. दुसरं सरळ होतं, पण ते गुरुवारी. ती विचारत होती की बाबा, आईला तोवर ठेवता येईल ना? मला तिला एकदा बघायचंय, फक्त एकदा.

"घाई करू नकोस," मिस्त्री म्हणाले. "पोराची नीट सोय लाव आणि सरळ विमानाने ये. मशीन माझ्या हाताखालचं आहे. तू येईपर्यंत आईला काही होणार नाही."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले आणि तेच पुन्हा म्हणाले, जसं काही मीच विचारलं होतं.

मंगळवारी दुपारी माणसं येत राहिली. धाकटीच्या दुकानातल्या जुन्या मैत्रिणी, शेजारी, बाजारातली मंडळी. प्रत्येकाला तिचं तोंड बघायचं होतं. मिस्त्री कुणालाच नाही म्हणाले नाहीत. कप्पा ओढायचा, चादर बाजूला करायची, माणूस रडून घेईपर्यंत थांबायचं, पुन्हा आत सारायचा. खाटीक आला आणि लहान पोरासारखा रडला. त्याची समजूत मिस्त्रींनीच घातली.

बुधवारी दुपारी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. शवागाराचा रखवालदार बाहेर बाकावर बसला होता. मला बघून उठला आणि नुसती मान हलवली. आत मिस्त्री स्टुलावर बसले होते. कप्पा अर्धा बाहेर होता, दार सताड उघडं, आणि ते तिच्याशी बोलत होते. रडत नव्हते, रोज संध्याकाळी घरी येऊन बोलायचे तसं बोलत होते.

"फुलवाला विचारत होता वहिनी कशा आहेत. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, बऱ्या आहेत. आता उद्या त्याला काय सांगू ते तूच सांग. आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सने तुझी कंगवा-फणी पिशवीत घालून दिली, चष्मा मात्र सापडत नाही..."

मी दारातच थांबले. भिंतीपलीकडून मशीनची घरघर येत होती, एकसारखी, न थांबता. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडेल असा उन्हाळा होता. दुसऱ्या कुणाच्या दुकानात हा आवाज त्यांनी रस्त्यावरून ओळखला असता. पण तेव्हा त्यांना तो ऐकू येत होता की नाही, मला सांगता येणार नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी कप्पा आत लोटला, डबा घेतला, दोन घास खाल्ले आणि उरलेला रखवालदाराला दिला. संध्याकाळी त्यांचे मामेभाऊ त्यांना हाताला धरून घरी झोपायला घेऊन गेले. इतक्या रात्री जागून माणूस किती टिकणार?

गुरुवारी सकाळी मी आणि मिस्त्री एकाच वेळी हॉस्पिटलच्या फाटकाशी पोहोचलो. कॉरिडॉरमध्येच ते थांबले. आवाज नव्हता.

रखवालदार म्हणाला की रात्री कधीतरी ते थांबलं. मला वाटलं गार झालं म्हणून थांबलं असेल, तसं थांबतंच ना ते?

"थांबतं," मिस्त्री म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

काट्याकडे पाहून ते आत गेले आणि दार ओढून घेतलं. मला येऊ दिलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता ते मी लिहू शकत नाही. ते इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात गेले; मी मागोमाग. धोबीखान्याच्या खिडकीतून गरम वाफ येत होती. मशीनची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर भुग्याचा जाड पांढुरका थर बसला होता, एखादं कांबळं वाळत घालावं तसा. मिस्त्रींनी त्याच्या कडेत बोटं घातली आणि ओढलं, तर ते सबंध एकसंध निघून हातात आलं. ते दोन्ही हातांवर घेऊन ते उभे राहिले. मग खाली ठेवलं, कॉम्प्रेसरची जोडणी उघडली, तारा तपासल्या. जळला होता. त्या जातीचा नवा गावात मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो, तो लवकरात लवकर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार.

बर्फ आणवायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कालच आणला असता तर.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला फार चांगल्या. त्यांनी सांगितलं की आजार पोटातला, त्यात हा उष्मा, आता एक दिवसही थांबता येणार नाही. मिस्त्रींना हे सांगायची गरज नव्हती. भाची तोवर विमानात बसली होती. तिचा फोन लागला नाही.

"झाकूनच न्यायचं," मिस्त्री म्हणाले. आणि मला म्हणाले, "ताई, तुम्हीही बघू नका. तुमच्याजवळ मंगळवारची राहू दे."

गुरुवारी दुपारी आम्ही तिला पोचवून आलो. त्या दिवशी वहीत मी हवेचंसुद्धा लिहिलेलं नाही.

शुक्रवारी भाचीला आणायला मी गेले. मिस्त्री येऊ शकले नाहीत. कॉम्प्रेसर सकाळच्या गाडीने आला होता, आणि पुरुषांच्या वॉर्डातले एक आजोबा पहाटे गेले होते. त्यांची मुलं दोन वेगवेगळ्या गावांहून निघाली होती. हॉस्पिटलात दुसरं कपाट नव्हतं. मिस्त्रींनी मला एवढंच सांगितलं की तिला आणा, पण काही सांगू नका, ते माझं काम आहे.

टॅक्सीत भाची माझा हात धरून बसली होती. आईसाठी तिने एक मऊ निळी शाल आणली होती. ती पिशवीतून काढून मला दाखवली, पुन्हा घडी घालून ठेवली. आईचा चेहरा शांत आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बाबा भेटतील, ते सांगतील. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि हात हळूच काढून घेतला.

मिस्त्री बोळातच होते. मशीन सुरू झालं होतं. नवा कॉम्प्रेसर काळा चकचकीत, धुतलेल्या जाळीतून पाण्याचे थेंब गळत होते. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत तेल लागलं होतं, म्हणून ते मुलीला जवळ घ्यायला पुढे आले आणि मध्येच थांबले.

"बाबा, आई कुठे आहे?"

"काल नेली," मिस्त्री म्हणाले. "थांबता आलं नाही. मशीन बंद पडलं."

"हे?"

"हेच."

भाची मशीनकडे बघत राहिली. "मला मंगळवारचं विमान मिळत होतं. तुम्ही म्हणालात घाई करू नकोस."

"म्हणालो."

"तुमच्या हाताखालचं आहे, म्हणालात."

"हो. तसंच म्हणालो."

ती थांबली होती. तिला पुढचं हवं होतं, आणि मिस्त्रींनी ते दिलं. सबबी पुष्कळ होत्या; उन्हाळा होता, धोबीखाना होता, रखवालदार होता, मूळ मशीन जुनं होतं. त्यातली एकही त्यांनी सांगितली नाही.

"ही जाळी महिन्याला धुवावी लागते. तुझी आई वर आल्यापासून मी इकडे फिरकलो नाही. वेळ नव्हता असं नाही. ती रोज म्हणायची जा. पण ती वर आणि मी खाली येऊन हे धुतोय... तिचीच जागा झाडून ठेवल्यासारखं वाटायचं. हात लावला तर तिला इथे यावं लागेल असं वाटायचं. म्हणून नाही धुतली."

धोबीखान्याचं यंत्र आत घुमत होतं. भाचीच्या खांद्यावर भुग्याचे दोन तंतू येऊन बसले होते.

"आणि मंगळवारी?" तिने विचारलं. "मंगळवारी फोन करायच्या आधी बघितलंत का?"

"काटा बघितला," मिस्त्री म्हणाले. "मागे नाही आलो."

ती म्हणाली, मला दाखवा कुठे होती. आम्ही आत गेलो. मिस्त्रींनी कपड्याने हात पुसून खालचा कप्पा उघडला. रिकामा होता, धुऊन पुसून ठेवलेला. भाची वाकली आणि तिने हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. आत आता चांगलं गार झालं होतं. माझ्या पायांशी ते जाणवत होतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आजोबांचा स्ट्रेचर येऊन थांबला होता आणि रखवालदार दारातून बघत होता. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवून त्याला थांबायला सांगितलं. दार उघडं राहिलं. मिस्त्री हात पुसायचा कपडा मुठीत धरून नुसते उभे राहिले.

शेवटी भाचीने हात काढला आणि दुसऱ्या हाताने चोळला. कप्पा तिनेच आत लोटला, नीट बसेपर्यंत दाबला. स्ट्रेचरवर कोण आहे, असं तिने विचारलं. मिस्त्रींनी आजोबांचं सांगितलं, मुलं उद्या पोहोचतील म्हणाले.

"पोहोचतील तेव्हा बघता येईल ना त्यांना?"

"येईल," मिस्त्री म्हणाले. मग म्हणाले, "संध्याकाळी मी पुन्हा येऊन मागे बघून जाईन."

घरी येताना भाची टॅक्सीत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली. मिस्त्री माझ्याबरोबर मागे, दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे ठेवून, सीटला तेल लागू नये म्हणून. निळी शाल ठेवलेली पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती. ते धाकटीच्या घराकडे जायला तयार नव्हते आणि तीही नव्हती, म्हणून दोघांना मी माझ्याकडे आणलं. भाची आतल्या खोलीत जाऊन पडली. मिस्त्री न्हाणीघरात हात धूत राहिले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. चहा झाला तेव्हा मी भाचीला हाक मारली. ती येऊन बसली. बापलेक समोरासमोर बसून चहा प्यायले. तिने एकदाच त्यांच्याकडे पाहून विचारलं की आईचा चष्मा सापडला का. नाही सापडला, ते म्हणाले. मग ते उठून चपला घालून हॉस्पिटलकडे गेले आणि दिवेलागणीच्या आत परत आले. मागे बघून आलो, चालू आहे, असं त्यांनी दारातूनच सांगितलं. कुणाला सांगितलं ते कळलं नाही. आतल्या खोलीतला दिवा लागला.

शुक्रवार, १० मे
उकाडा तसाच. भाची दुपारी पोहोचली. मिस्त्री आणि ती, दोघंही इथेच राहिले. न्हाणीघरातला साबण संपला होता, नवी वडी काढली.